अजून काय नेसू?

इंग्लंडात कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत ढकलत नेणं हे दोन मिनिटांचं काम. त्यासाठी अंगावर कपडे चढवणं हे अर्ध्या तासाचं. आधी थर्मल, त्यावर बनियन (की उलट, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही), मग सदरा, हाफ स्वेटर, फुल स्वेटर, जावयाचं जाकीट, मफलर, पायमोज्यांवर पायमोजे आणि या सगळ्यावर नागपूरहून आणलेली माकडटोपी. हातमोजे घातले की बुटाची नाडी बांधता येत नाही. हातमोज्यांआधी नाडी बांधावी तर एवढ्या कपड्यांत वाकता येत नाही. मग नाडी ही बांधते, आणि बांधताना जे बोलते ते कचऱ्याबद्दल नसतं.

अशा थाटात मी डबा घेऊन बाहेर आलो की शेजारचे आजोबा त्यांच्या फाटकाशी उभे. जन्म नॉटिंगहॅमशरच्या कोळशाच्या खाणीत गेलेला, वय पंचाहत्तरीच्या घरात. जानेवारी महिना, पारा दोनावर, आणि गृहस्थ अर्ध्या चड्डीत. त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि एकच शब्द उच्चारला : “नेश.”

माकडटोपीतून ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येतात. मला ऐकू आलं, “नेस!” परमुलखात भल्या पहाटे एक गोरा म्हातारा मला मराठीत आज्ञा करतो आहे, याचं आश्चर्य करायलाही वेळ नव्हता. मी अंगावरचा ऐवज मनात मोजू लागलो. अजून काय नेसू? राहिलं होतं ते फक्त धोतर.

“बाबा, नेश म्हणजे ज्याला जराशी थंडी सोसत नाही तो,” मुलीनं सांगितलं. “इकडचाच शब्द आहे. प्रेमानं म्हणतात.”

बापाला कुणी काही बोललं की मुली ‘प्रेमानं म्हणतात’ असं सांगतात, हे मला ठाऊक आहे. पण बायकोला भलताच आनंद झाला. तिनं तो शब्द पुन्हा म्हणून घेतला आणि फ्रिजवरच्या कागदावर दुधाच्या खाली लिहून ठेवला. ही पुण्याची. मी ‘थंडी वाजून राहिली’ म्हटलं की “राहिली नाही, वाजतेय,” असं सुधारते. माझ्या वऱ्हाडी बोलीतला एक शब्द तिनं आजवर घरात टिकू दिलेला नाही. पण साता समुद्रापलीकडच्या खाणकामगारांच्या बोलीतला हा शब्द तिनं कानावर पडताक्षणी उचलला. “इतकी वर्षं मला नेमका हाच शब्द हवा होता,” असंही म्हणाली.

शब्द जिव्हारी लागला, हे खरं. मुलीच्या त्या गावात मला आधीच दुकानाच्या गल्ल्यावरच्या बाई “अय अप, मी डक” म्हणायच्या. सरकारी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बदक म्हटलेलं ऐकून घेणं सोपं नसतं. तिथले अभिमानी लोक सांगतात की हा ‘डक’ म्हणजे जुना सरदारकीचा किताब, ड्यूकचा भाऊबंद. शब्दकोशवाल्यांना ते पटत नाही. त्यांच्या लेखी बदक ते बदकच. बदकपण मी पचवलं, पण नेशपण पचेना. तेव्हा या शब्दाचं कूळ-मूळ शोधायचं ठरवून मी वाचनालय गाठलं.

वाचनालय निवडण्यामागे ज्ञानाची ओढ होती, तशीच एक पाटीही होती. गॅसची बिलं भडकली त्या हिवाळ्यात, २०२२ च्या अखेरीस, इंग्लंडातल्या कितीतरी वाचनालयांनी आणि चर्चनी ‘इथे उबदार जागा आहे, या, बसा’ असं जाहीर केलं होतं. आत पाहतो तो हीटरच्या कडेनं गावातले सगळे काटक म्हातारे वर्तमानपत्र उघडून बसलेले. प्रत्येकाचं पान तेच, तासाभरानंही तेच. आमचे शेजारी कोपऱ्यात होते.

“थंडी वाजतेय?” मी विचारलं.

“छे. फुटबॉलचे निकाल बघायला आलो,” ते म्हणाले. त्यांच्या हातातलं पान मृत्युवार्तांचं होतं.

मी जोसेफ राइट यांचा इंग्रजी बोलींचा कोश मागवला. सहा जाडजूड खंड, १८९८ ते १९०५ या काळात निघालेले. प्रतिष्ठित इंग्रजीनं दारात उभे न केलेले शब्द त्यात परगण्यांच्या नावानिशी नोंदवले आहेत. ‘नेश’ चौथ्या खंडात आहे. पण शब्दाआधी मी कोशकाराच्याच प्रेमात पडलो. राइट यॉर्कशरमधले, जन्म १८५५ चा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवगाडी हाकायचं काम. कामगारांची बोथट हत्यारं धार लावायला लोहाराकडे न्यायची नि आणायची. सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या कापडगिरणीत. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं, लोक पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत, आणि ‘आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं’ याचा या पोराला राग आला. एवढ्यावर तो वाचायला शिकला. मग फ्रेंच, जर्मन, लॅटिन. पुढे १८७६ मध्ये जर्मनीत शिकायला जायचं तर खिशात पैसे बेताचे, म्हणून अँटवर्पहून हायडेलबर्गपर्यंत चालत गेला. आमच्याकडे कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत नेण्याची काय तयारी लागते ते मी वर सांगितलंच आहे.

हा माणूस १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. कोशाची आर्थिक जोखीम कुणी घेईना, तेव्हा वर्गणीदार गोळा करून त्यानं तो स्वतःच छापवून घेतला. त्याच्या विद्यार्थ्यांत टॉल्किन होते, ते अंगठीच्या कादंबऱ्यांचे. रविवारी राइटसाहेब विद्यार्थ्यांना घरी बोलावून भरभक्कम यॉर्कशरी चहा-फराळ घालत. कुत्र्यालाही त्यांनी विद्येपासून दूर ठेवलं नव्हतं : गॉथिक या मेलेल्या भाषेत ‘अंजिराचं झाड’ म्हटलं की ते कुत्रं ओठ चाटायचं. टॉल्किनना त्यांनी केल्टिक घ्यायचा सल्ला दिला होता. कारण? त्यात पैसा आहे. इतका विद्वान माणूस इतका साफ चुकलेला पाहून मला फार बरं वाटलं.

आता शब्दाकडे. ‘नेश’ चांगला हजार वर्षं जुना. जुन्या इंग्रजीत तो ‘ह्नेशे’ असा होता आणि अर्थ मऊ, कोवळा, लेचापेचा. सुरुवातीचा ‘ह’ पुढे गळून पडला. ‘नट’, ‘रिंग’, ‘लोफ’ या शब्दांनाही पूर्वी पुढे ‘ह’ होता, तोही असाच गेला. भाषाशास्त्रज्ञ याची शास्त्रीय कारणं देतात. पण तिथल्या एका जानेवारीत श्वास सोडून पाहिल्यावर, श्वासावाचून न उच्चारता येणारं अक्षर लोकांनी का टाकलं असेल, याबद्दल माझं वेगळं मत झालं आहे.

त्याहून जुना दुवा गॉथिकमध्ये सापडतो. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं बायबलचं गॉथिक भाषांतर केलं. त्यात मत्तयच्या शुभवर्तमानात येशू बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाबद्दल लोकांना विचारतो, की तुम्ही रानात काय बघायला गेला होता, मऊ कपडे घातलेला माणूस? तसले तर राजवाड्यांत असतात. इथे ‘मऊ’साठी जो गॉथिक शब्द आहे तो आमच्या ‘नेश’चा चुलतभाऊ. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही तक्रार कपड्यांवरूनच होती! मी घरी येऊन हे हिला सांगितलं. ती म्हणाली, “राजवाड्यात राहणाऱ्यानं नाडी स्वतः बांधावी.”

मध्ययुगात हा शब्द चांगला अंगणात-ओसरीवर वावरत होता. ‘नेश आणि हार्ड’ अशी जोडीच होती. मऊ येवो की कठीण, म्हणजे कसाही प्रसंग येवो. मग लंडनच्या शहाण्यांनी त्याला हळूहळू सोडलं आणि डर्बी, नॉटिंगहॅम, स्टॅफर्ड, चेशर, लँकशर, दक्षिण यॉर्कशर इकडच्या लोकांनी ठेवून घेतला. राइटच्या कोशात तो कोवळ्यालाही लागतो, नाजूक तब्येतीलाही, खाण्यात चोखंदळ असणाऱ्यालाही आणि भित्र्यालाही. काही ठिकाणी त्याचं क्रियापदसुद्धा झालं, म्हणजे ऐन वेळी कच खाणं. आजोबांच्या पिढीपर्यंत येता येता बाकीचे अर्थ विरळ झाले आणि थंडी तेवढी उरली. एवढं वाचल्यावर मला वाटलं, आपल्याला शिवी मिळाली खरी, पण खानदानी मिळाली. हिच्यासमोर मी मुद्दाम म्हणालो, “बघ, ज्याला शहरानं अडाणी ठरवलं तो शब्द शहराच्या शब्दांहून जुना निघाला.” तिनं ताबडतोब ओळखलं की गाडी ‘वाजून राहिली’कडे वळते आहे. “ते वेगळं,” ती म्हणाली.

वाचनालयात मला आणखी एक गोष्ट कळली. १९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठातल्या हॅरल्ड ऑर्टन यांच्या माणसांनी इंग्लंडभरच्या ३१३ ठिकाणी, मुख्यतः खेड्यांत, जाऊन बोलींची पाहणी केली. तेराशेहून जास्त प्रश्न. माणूस निवडताना तो म्हातारा, गावातच जन्म काढलेला असावा, कान शाबूत असावेत आणि दात चांगले असावेत. दात नीट नसतील तर उच्चार कुठून नीट येणार? स्टॅन्ली एलिस नावाचे पाहणीकार तर कॅरॅव्हॅनमध्ये बिऱ्हाड मांडून गावोगाव फिरले. आणि या पाहणीचा नियम असा, की हवा असलेला शब्द आपण स्वतः उच्चारायचा नाही. खाणाखुणा करायच्या, वर्णन करायचं आणि समोरच्याच्या तोंडून काढून घ्यायचा.

आमच्या शेजाऱ्यांचे दात चांगले होते. मी प्रयोग केला.

“थंडीनं अंग गारठलं की तुम्ही काय म्हणता?”

“मला थंडी वाजत नाही.”

“समजा, वाजली.”

“नाही वाजत.”

“फार वाजली तर?”

“तर मी घरात जाईन,” असं म्हणून ते घरात गेले. ऑर्टनच्या लोकांनी तेराशे प्रश्न कसे तडीस नेले असतील, देव जाणे.

शब्द मिळाला तो मला नाही, हिला. एका संध्याकाळी आजोबा आमच्या दाराशी आले. चुकून त्यांच्याकडे गेलेलं आमचं टपाल हातात. ते म्हणाले, “आय’म स्टार्व्ड.” ही बिचारी कळवळली. एकटे राहतात, मुलगी लांब, कोण करून घालणार! तिनं त्यांना ओढून आत बसवलं आणि गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, असं पुढे ठेवलं. त्यांनी हीटरला टेकून ते निमूट खाल्लं. दुसरंही खाल्लं. दुसऱ्या दिवशी टपाल नसतानाही ते आले आणि पुन्हा म्हणाले, “स्टार्व्ड.” पुढे तर दाराची घंटा वाजली की ही तवाच तापत टाकायची.

मी राइटचा शेवटून दुसरा खंड उघडला. इंग्लंडच्या या भागांत ‘स्टार्व्ड’ म्हणजे भुकेला नव्हेच! म्हणजे थंडीनं गारठलेला. मूळ जुन्या इंग्रजीत शब्दाचा अर्थ नुसताच मरणं. जर्मनमध्ये अजून तसाच आहे. दक्षिणेनं त्यातून भुकेनं मरणं ठेवलं, उत्तरेनं गारठ्यानं मरणं. ज्यांना थंडी वाजत नाही ते आमचे शेजारी रोज संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून ‘गारठून मेलो’ असं सांगत होते, आणि आम्ही त्यांना थालीपीठ वाढत होतो. पहिल्याच दिवशी गैरसमज त्यांच्या लक्षात आला असणार. माणूस खाणीतला, चांगली शीर लागल्यावर खणणं थांबवत नसतात.

मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, “तरीच लोणी वितळेपर्यंत हीटर सोडत नाहीत.” थालीपीठ मात्र चालूच राहिलं.

त्यांच्या काटकपणाचा उरलासुरला बुरूज त्यांच्या मुलीनं पाडला. ती भेटायला आली तेव्हा सहज बोलून गेली, की लहानपणी गल्लीत सगळ्यात गरम घर त्यांचंच असायचं. खाणकामगारांना पगाराबरोबर घरी जाळायला कोळसा मिळायचा, त्यामुळे शेगडी दिवसरात्र भडकलेली. बाबा घरात अर्ध्या चड्डीत फिरायचे ते त्या धगीमुळे. खाणी बंद झाल्या, कोळसा गेला, गॅस आला आणि गॅसबरोबर बिल आलं. चड्डी तेवढी राहिली. आता घरात कुणाला थंडी वाजली तर बाबा म्हणतात, अजून एक स्वेटर घाल. तेच वाक्य इंग्लंडातला प्रत्येक बाप म्हणतो आणि म्हणताना हीटरच्या बटणापुढे उभा राहतो.

“आणि गंमत म्हणजे,” ती म्हणाली, “माझी मुलगी आता न्यूकॅसलला शिकते. ती आजोबांनाच नेश म्हणते.”

हे बरोबरच होतं. न्यूकॅसलची तरुण मंडळी हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री कोटाशिवाय गावभर फिरतात अशी त्यांची देशभर ख्याती आहे. कोट घालायचा म्हणजे घराण्याची अब्रू गेली. न्यूकॅसलवाले ज्या उन्हाला ऊन म्हणत नाहीत त्यात ग्लासगोवाले ‘टॅप्स आफ’ म्हणजे ‘काढा शर्ट’ असा पुकारा करून उघडे बसतात. त्यांच्याही वर शेटलंड बेटं आहेत, पलीकडे आइसलंड आहे, आणि तिथेही कुणी ना कुणी शेजाऱ्याच्या टोपीकडे बघून मान हलवत असणारच.

आपल्याकडे वेगळं काय आहे? माझा भाऊ मुंबईला. पारा अठरावर आला की तिथले लोक स्वेटर काढतात, शेकोटीचे फोटो पाठवतात आणि कांद्याची भजी तळतात. मी त्याला नागपूरहून फोन करायचो, “काऊन बे, गारठला का?” तिकडे आठ-दहा अंशांत मी हाफ स्वेटरवर फुटाळा तलावाला चक्कर मारायचो, आणि त्याचा फोटो काढून त्याला धाडायचो. फोटो काढून होईपर्यंत शाल कुणाच्या तरी हातात द्यायची, हा त्यातला तांत्रिक भाग.

मग एका रविवारी शेजाऱ्यांचे मेहुणे आले. हे स्टोकचे, चिनी मातीच्या भांड्यांच्या गावचे. माझी ओळख करून देताना आजोबा म्हणाले, “हे आमचे नेश शेजारी.” यावर मेहुण्यांनी मला हॅलो म्हणायच्या आधी शब्दावर हक्क सांगितला. नेश हा स्टोकचा शब्द. नॉटिंगहॅमवाल्यांनी तो उसना घेतला. आजोबा म्हणाले, स्टोकवाल्यांनी उसना घेतलेला चहाचा कपसुद्धा परत दिलेला नाही. मी मध्ये पडून राइट, वुल्फिला, चौथा खंड असं सांगू लागलो, तेव्हा दोघांनी पहिल्यांदाच एकमतानं मला गप्प बसवलं.

वाद फुटपाथवर चालू होता. वर पाऊस सुरू झाला, तोही बर्फ मिसळलेला. आजोबा अर्ध्या चड्डीत, मेहुणे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. दोघांचे गुडघे आणि कोपर निळसर व्हायला लागले होते. पण जो आधी आत जाईल तो नेश, आणि ज्या गावचा माणूस नेश ठरेल त्या गावचा शब्दावरचा दावा गेला, असा काहीतरी अलिखित करार झालेला दिसत होता. मी चढवलेले सगळे थर सांभाळत आत आलो आणि खिडकीतून बघत बसलो.

“अहो, आत बोलवा त्यांना,” ही म्हणाली.

“बोलावलं. दोघंही म्हणतात, आधी त्याला बोलवा.”

“पण निमोनिया होईल!”

“तो आधी कुणाला होतो यावरच चाललंय.”

शेवटी हिला राहवेना. तिनं आलं घालून उकळता चहा केला आणि ट्रे घेऊन स्वतः बाहेर गेली. दोघांनी झडप घालून कप घेतले, दोन्ही तळव्यांत धरले, छातीशी नेले आणि तसेच उभे राहिले. वाद थांबला. चहा मात्र कुणी पिईना.

“घ्या ना,” ही म्हणाली, “निवून जाईल.”

“असू दे, असू दे,” दोघं एकदम म्हणाले, “आम्हाला काही घाई नाही.”